मराठी नाटक-चित्रपटांतील वृद्धांचे नैराश्य आणि शुश्रूषेचा प्रश्न : कडेगाव परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

'शुश्रूषा' हा शब्द मराठीत आजाऱ्याची सेवा या अर्थाने रूढ आहे. त्याची व्युत्पत्ती मात्र 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून झालेली आहे. मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा. गुरूचे ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञाधारकपणा, त्यावरून सेवा आणि शेवटी रुग्णाची सेवा असा या शब्दाच्या अर्थाचा प्रवास झाला. या प्रवासात ऐकण्याचा भाग मागे पडत गेला आणि औषध, पथ्य, अंघोळ, अंथरूण एवढा भाग उरला. वृद्धापकाळातील नैराश्य हा असा आजार आहे की त्यात मागे पडलेल्या या भागाचीच सर्वाधिक गरज असते.

वृद्धांच्या प्रश्नावर केंद्र शासनाने २०१७-१८ मध्ये देशव्यापी दीर्घकालीन पाहणीची पहिली फेरी घेतली. तिच्या अहवालानुसार साठ वर्षांवरील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. म्हणजे साधारणपणे दर बारा वृद्धांमागे एक. याच पाहणीत 'आपल्याला नैराश्याचे निदान झालेले आहे' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र ०.८ टक्के होते. आजार आणि आजाराचे नाव यांच्यामध्ये दहापटीचे अंतर आहे. हे अंतर केवळ डॉक्टरांच्या तुटवड्याने पडलेले नाही. त्यात भाषेचा, संकोचाचा आणि समाजाने म्हातारपणाविषयी मनात बाळगलेल्या कथेचा वाटा मोठा आहे. ही कथा घडविण्यात मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांचा हात आहे. म्हणून हा विषय वैद्यकशास्त्राइतकाच साहित्यसमीक्षेचाही ठरतो.

प्रस्तुत लेखात 'नटसम्राट', 'संध्याछाया', 'वाडा चिरेबंदी' ही नाटके आणि 'अस्तु', 'कासव' हे चित्रपट यांचा एका मर्यादित प्रश्नाच्या अंगाने विचार केला आहे. वृद्ध माणसाचे दुःख या कलाकृती कोणत्या नजरेने पाहतात आणि त्यांत त्याची शुश्रूषा कोण करते, हा तो प्रश्न होय.

आरोपाचे नाट्य

वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत झाला. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी असलेले त्याचे नाते, त्यातील काव्यमय भाषा आणि डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केलेले गणपतराव बेलवलकर यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्याची पुनरुक्ती येथे आवश्यक नाही. २०१६ मध्ये याच नाटकावर चित्रपट आला आणि त्यालाही मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. याचा अर्थ असा की, जवळजवळ अर्धशतकभर मराठी माणूस म्हातारपणाचे दुःख या नाटकाच्या आरशात पाहत आला आहे.

गणपतरावांच्या वाट्याला काय येते ते वैद्यकीय नजरेने मांडून पाहिले तर चकित व्हायला होते. आयुष्यभराचे काम थांबते. स्वतःचे घर सुटते आणि मुलांच्या घरात आश्रिताचे स्थान येते. पत्नीचा मृत्यू होतो. कामातून निवृत्ती, घराचा वियोग आणि जोडीदाराचा वियोग या तिन्ही घटना उत्तरायुष्यातील नैराश्याला निमंत्रण देणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. लेखकाच्या निरीक्षणाची ही ताकद आहे. परंतु नाटकाची रचना या घटनांना आजाराच्या दिशेने नेत नाही, ती त्यांना खटल्याच्या दिशेने नेते. मुलगा, सून, मुलगी यांच्यावर एकेक आरोप सिद्ध होत जातो. लेकीच्या घरी बापावर चोरीचा आळ येतो, त्या क्षणी प्रेक्षागृहातील प्रत्येक माणूस न्यायाधीश झालेला असतो. निकाल लागतो आणि डोळे पुसत प्रेक्षक घरी जातो. गणपतरावांना झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट घडते. गणपतराव बोलतात आणि अपार बोलतात. ते नट असल्यामुळे त्यांच्या दुःखाला शब्दांचे ऐश्वर्य लाभले आहे. त्यांची स्वगते ही मराठी भाषेची दौलत आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण प्रत्यक्षातील नैराश्य असे बोलत नाही. ते गप्प करते. वाक्ये लहान होतात, आवाज खाली जातो, उत्तर यायला वेळ लागतो. उतारवयात तर मनाचे दुःख बहुधा शरीराच्या तक्रारीचा वेष घेऊन येते. गुडघे, पोट, चक्कर, छातीतली धडधड आणि न लागणारी झोप यांतून ते प्रकट होते. वक्तृत्वपूर्ण दुःखाची सवय झालेल्या समाजाला ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, दोन घास खाऊन ताट सारणाऱ्या म्हाताऱ्याचे दुःख ओळखू येत नाही. स्वगत ऐकायला तो तयार असतो, मौन ऐकण्याची तयारी त्याने केलेली नसते.

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त हे मौन अधिक आहे आणि म्हणून या प्रश्नाच्या दृष्टीने ते नाटक अधिक मोलाचे आहे. नाना आणि नानी यांचा एक मुलगा अमेरिकेत आहे, तो तिकडचाच होऊन जातो. दुसरा हवाई दलात आहे, त्याचा मृत्यू होतो. विजया मेहता आणि माधव वाटवे यांनी गाजविलेल्या या नाटकात नाट्य घडते ते वाट पाहण्यातून. पत्राची, फोनची, पावलांच्या आवाजाची वाट. दळवींनी रिकाम्या दिवसाचे जे बारकावे टिपले आहेत ते परिचर्येच्या पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून शोभतील असे आहेत. तथापि शेवटी हे जोडपे जीवन संपविण्याचा निर्णय घेते आणि नाटक त्या निर्णयाला एक शांत, जवळजवळ मंगल असा उजाळा देते. हा शेवट आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात प्रश्न विचारल्याशिवाय स्वीकारता येत नाही. आत्महत्येचा विचार हे नैराश्याचे लक्षण असते आणि नैराश्य उतारवयातही उपचारांना दाद देते. रंगमंचावर जो निर्णय विवेकाचा वाटतो तो बहुतेक वेळा आजाराच्या तोंडून आलेला असतो. प्रेक्षकाला हे दोन्ही एकमेकांपासून वेगळे करता येतील असे एकही पात्र नाटकात नाही. शेजारी आहेत, येणारे-जाणारे आहेत, पण 'तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे नानींना सरळ विचारणारे कोणी नाही.

नाटक हे परिचर्येचे मार्गदर्शक पुस्तक नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. शोकांतिकेतील नायकाला औषध दिले तर शोकांतिका उरत नाही. शिवाय वृद्धांच्या नैराश्याचे मोजमाप करणारी, जगभर वापरली जाणारी प्रश्नावली १९८० नंतरच तयार झाली. त्याआधीच्या नाटककाराकडून त्या ज्ञानाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. चिकित्सा लेखकाची नाही, वाचनाच्या सवयीची आहे. या नाटकांतून समाजाने उचलले ते एवढेच की, म्हातारा दुःखी असेल तर मुले नालायक असली पाहिजेत. १९९८ मध्ये आलेला 'तू तिथे मी' हा चित्रपट आणि त्यानंतरच्या अनेक कौटुंबिक मालिका याच सूत्रावर चालल्या.

न दिसणारी सेवा

आरोपी ठरविण्याच्या घाईत आणखी एक व्यक्ती नजरेआड होते, ती म्हणजे शुश्रूषा करणारी. 'नटसम्राट'मध्ये गणपतरावांची शुश्रूषा कोण करते? सरकार. त्यांचा राग, त्यांची भूक, त्यांचा मान आणि त्यांचे अपमान हे सर्व त्या सांभाळतात. नवऱ्याच्या दुःखाला शब्द आहेत, कावेरीच्या दुःखाला नाहीत. नाटक संपण्यापूर्वीच त्या निघून जातात आणि त्यांचा मृत्यूही शेवटी गणपतरावांच्या दुःखाचा एक भाग होऊन बसतो. स्वतःचे घर त्यांचेही सुटले होते, लेक त्यांचीही होती, आळ त्यांच्याही जिव्हारी लागला होता. समीक्षेने कावेरीकडे त्यागमूर्ती म्हणून पाहिले. आजारी नवऱ्याची सेवा करता करता खचलेली वृद्ध स्त्री म्हणून तिच्याकडे फारसे पाहिले गेले नाही. परिचर्याशास्त्र अलीकडे सेवा करणाऱ्यावरील भाराचा स्वतंत्र विचार करते. त्या विचाराची सर्वांत जुनी मराठी साक्षीदार कावेरी आहे असे म्हणता येईल.

सरकारांनंतर गणपतरावांना जवळ करतो तो राजा, रस्त्यावर बूट-पॉलिश करणारा पोरगा. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) दादीला उचलणे-बसवणे, घरातली पडेल ती कामे करणे हे चंदूच्या वाट्याला आले आहे. ज्याचे शिक्षण झाले नाही, लग्न झाले नाही आणि ज्याच्या पायाच्या जखमेकडे कोणी पाहत नाही असा हा धाकटा मुलगा. दादी पुनःपुन्हा वेळ विचारत राहते. वाड्यातील माणसे त्या प्रश्नाला सरावली आहेत. एलकुंचवारांनी या एका तपशिलातून वृद्धापकाळातील काळाची जाणीव ज्या संयमाने पकडली आहे ती विलक्षण आहे, कारण दादीला तिथे कोणाविरुद्ध फिर्याद करायची नाही. ती फक्त विचारते. हा स्मृतिभ्रंश आहे, नैराश्य आहे की दृष्टी गेल्यामुळे हरवलेला दिवस-रात्रीचा मेळ आहे, हे नाटक सांगत नाही. प्रत्यक्षातही या तिन्हींमध्ये गल्लत होते. नैराश्यामुळे मंदावलेली स्मृती विसरभोळेपणा समजून सोडून दिली जाते, तर स्मृतिभ्रंशाची सुरुवात केवळ उदासी वाटते. कमी ऐकू येणे, थायरॉईडचा विकार, 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता हीही कारणे असू शकतात. म्हणून प्रश्न पुनःपुन्हा विचारणाऱ्या वृद्धाला उत्तर देण्याबरोबर तो प्रश्न का येतो आहे हे पाहणे, येथे शुश्रूषेची सुरुवात होते.

राजा आणि चंदू यांच्यात एक साम्य आहे. दोघेही घराच्या किंवा समाजाच्या कडेला असलेले आहेत. ज्यांना गमावण्यासारखे काही नाही त्यांच्यावर मराठी नाटकाने शुश्रूषेचे काम सोपविले. ते हृद्य आहे, पण सोयीचेही आहे. कडेच्या माणसाने केलेल्या सेवेला मोबदला, प्रशिक्षण किंवा विश्रांती द्यावी लागत नाही, तिच्याकडे भलेपणा म्हणून पाहिले की काम भागते.

'अस्तु'मधील चन्नम्मा

ही चौकट प्रथम मोडली ती सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाने. २०१३ सालच्या या चित्रपटाला संवादलेखनाचा आणि चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे विद्वान अल्झायमरने ग्रस्त आहेत. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी जाते, तेवढ्यात ते रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. भूमिका डॉ. मोहन आगाशे यांची आहे. योगायोग असा की मराठीतील दोन गाजलेले वृद्ध, बेलवलकर आणि शास्त्री, हे दोन्ही डॉक्टरांनीच साकारले. लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, तर आगाशे मनोविकारतज्ज्ञ.

'अस्तु'चा आजार नैराश्य नाही, तरीही प्रस्तुत विषयाला त्याचे महत्त्व दोन कारणांनी आहे. पहिले असे की, हा चित्रपट इराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. ती थकलेली आहे, चिडते, अपराधी वाटून घेते, बापावर प्रेमही करते आणि हे सर्व एकाच वेळी खरे असू शकते हे दिग्दर्शक मान्य करतात. दुसरे असे की, माहुताची बायको चन्नम्मा हरवलेल्या शास्त्रींना सांभाळते त्या भागात शुश्रूषा हाच चित्रपटाचा विषय होतो. त्या माणसाची विद्वत्ता तिला ठाऊक नाही. तो काय होता याचा तिला पत्ता नसल्यामुळे तो आज काय आहे एवढेच ती पाहते. घरच्या माणसांना हेच जड जाते, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे जुना माणूस उभा असतो आणि नवा माणूस त्याच्याशी ताडून पाहिला जातो. चन्नम्मा वाद घालत नाही, चूक दुरुस्त करीत नाही, परीक्षा घेत नाही. लेकराला घ्यावे तसे त्याला घेते. तिची कानडी वळणाची बोली आणि शास्त्रींचे संस्कृत यांत समान शब्द थोडे आहेत आणि तरीही संवाद होतो.

चन्नम्माही कडेचीच आहे, हे नाकारता येत नाही. फिरस्ती, गरीब, पोटापाण्यासाठी हत्ती फिरविणाऱ्या कुटुंबातली. तेव्हा राजा-चंदू यांचीच परंपरा येथेही चालू आहे असे कोणी म्हणेल. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की चित्रपट तिच्याकडे भलेपणाचा नमुना म्हणून न पाहता जाणकार म्हणून पाहतो. तिला काहीतरी येते जे इराला येत नाही आणि ते शिकता येण्यासारखे आहे.

याच दिग्दर्शकांचा 'कासव' हा २०१६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला चित्रपट थेट नैराश्यावर आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या तरुणाला जानकी आसरा देते. नाव-गाव विचारीत नाही, जेवण ठेवते, अंतर राखते, निघून मात्र जात नाही. या आजारातून ती स्वतःही गेलेली आहे. नैराश्यातील परिचर्येचे इतके अचूक चित्रण मराठीत दुसरे नाही. पण लक्षात घेण्यासारखे हे की, तिथे आजारी आहे तो तरुण. चित्रपटातली वडीलधारी माणसे आधार देणाऱ्यांच्या बाजूला आहेत. समाजकार्याच्या क्षेत्रातून चित्रपटाकडे आलेल्या सुमित्रा भावे २०२१ मध्ये निवर्तल्या. नैराश्याने ग्रासलेल्या वृद्धाचा, आरोपमुक्त आणि शुश्रूषायुक्त असा चित्रपट मराठीत अजून व्हायचा आहे.

कडेगाव परिसर : आरोप लागू न पडणारी जागा

वरील कलाकृतींतील बहुतेक वृद्ध शहरी, मध्यमवर्गीय आणि शिकलेले आहेत, वाडा आहे तो विदर्भातला. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यासारख्या भागातला वृद्ध त्यांत सापडत नाही. शेजारच्या आटपाडीने मराठीला व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात दिले, माणदेशी माणूस मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. परंतु ग्रामीण कथेतला म्हातारा बहुधा बेरकी, विनोदी किंवा गावाचे शहाणपण सांगणारा असतो. त्याचे मन आजारी पडू शकते ही शक्यता त्या साहित्याने क्वचितच हाताळली.

पूर्वी खानापूर तालुक्याचा भाग असलेला हा परिसर दीर्घकाळ दुष्काळी म्हणून ओळखला गेला. ताकारी आणि टेंभू योजनांचे पाणी आल्यावर उसाचे पीक वाढले. पण त्याआधीच पाण्याअभावी येथील तरुण बाहेर पडले होते. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या भागांतील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायात आहेत. केरळ-तामिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत ज्या-ज्या गावी सराफ पेठ आहे तिथे या भागातला गलाई कारागीर भेटतो. त्याने गावी पैसा पाठविला, घर बांधले, यात्रेला वर्गणी दिली. घरात राहिली ती म्हातारी माणसे.

हा मुलगा 'नटसम्राट'मधला नंदा नाही आणि 'संध्याछाया'तला परदेशी मुलगाही नाही. तो पैसे पाठवतो, रोज फोन करतो, सणाला येतो. त्याच्यावर आरोप ठेवता येत नाही. नेमकी येथेच अडचण उभी राहते. म्हातारा दुःखी असेल तर मुले नालायक, हे सूत्र एकदा मनात बसले की आपले दुःख सांगणे म्हणजे मुलावर ठपका ठेवणे होते. आईला रात्र-रात्र झोप नाही, पण फोनवर ती 'बरं हाय की, काय काळजी करू नगं' एवढेच म्हणते. शेजारणीलाही सांगत नाही, कारण गावात बोलबाला होईल की पोरगं बघत नाही. मुलाची अब्रू राखण्यासाठी आजार लपविला जातो. रंगभूमीने वृद्धाची बाजू घेतली आणि त्याच बाजू घेण्याने वृद्धाचे तोंड बंद झाले, असा हा विपरीत परिणाम आहे. पाहणीतील ८.३ आणि ०.८ यांमधल्या अंतराचे एक कारण येथे सापडते.

शिवाय एकटेपणा म्हणजेच नैराश्य असेही नाही. कडेगावच्या उंच ताबुतांच्या भेटी पाहायला मोहरममध्ये गर्दी लोटते, हिंदू-मुस्लिम सारेच त्यात असतात, घरे पाहुण्यांनी भरतात. भरल्या घरातल्या एखाद्या आजोबांना त्या दिवशीही अंथरुणातून उठावेसे वाटत नाही. 'एवढी माणसं आल्यात, तरी ह्यांचं तोंड वाकडंच' असे म्हटले जाते. मुले जवळ असोत वा नसोत, नैराश्य येऊ शकते. पक्षाघात, मधुमेह, हृदयविकार यांच्यासोबत ते येते, जोडीदार गेल्यावर येते आणि कधीकधी सांगण्याजोगे कोणतेही कारण नसताना येते. आरोपाच्या कथेत कारण नसलेल्या दुःखाला जागाच नाही.

भाषेचा मुद्दा येथे महत्त्वाचा ठरतो. 'नैराश्य', 'औदासीन्य' हे शब्द पुस्तकातले आहेत. गावातली म्हातारी म्हणते, 'जीव लागत नाही', 'घास उतरत नाही', 'अंगात काय राहिलंच नाही', 'देवानं आता न्यावं'. यातले शेवटचे वाक्य सर्वांत फसवे. ते कधी केवळ बोलण्याची रीत असते, कधी विरक्ती असते आणि कधी ती मदतीची शेवटची हाक असते. वारकरी परंपरेत वाढलेल्या माणसाच्या तोंडी विरक्तीची भाषा स्वाभाविक आहे, आजार त्याच भाषेच्या आडोशाने राहतो. 'तुमचे आयुष्य रिकामे आहे असे वाटते का?' असा प्रश्नावलीतला सरळ प्रश्न विचारला तर 'पांडुरंगाच्या कृपेनं समदं हाय' असे उत्तर येईल आणि कागदावर निरोगीपणाची खूण होईल. त्याऐवजी पूर्वी आवडीने करीत असलेली कोणती गोष्ट सोडली, देवळात जाणे कधी थांबले, भाकरी अर्धी कधी झाली, असे विचारल्यास खरे उत्तर हाती येते.

परिचारिकेचे ऐकणे

हे विचारणार कोण? मनोविकारतज्ज्ञ सांगली-मिरजेला. मिरजेची रुग्णसेवेची आणि परिचारिका-शिक्षणाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, पण म्हातारीला तिथवर नेण्यासाठी आधी कोणीतरी ओळखावे लागते. गावात रोज फिरते ती आशाताई, उपकेंद्रात असते ती सिस्टर आणि अलीकडे तिथेच नेमलेला समुदाय आरोग्य अधिकारी. रक्तदाब तपासायला, साखर मोजायला, गोळ्या द्यायला त्यांचे येणे होतेच. आजारावर पहिली नजर पडण्याची शक्यता या माणसांचीच.

परिचर्याशास्त्रात हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन आहे असा विचार मांडला. शुश्रूषेच्या मूळ अर्थाशी तो जुळणारा आहे. मात्र या ऐकण्याचा अर्थ केवळ गोड बोलणे असा घेतला तर घात होतो. 'आजी, हसा बघू', 'सगळं चांगलं तर आहे तुमचं' ही वाक्ये आजाऱ्याला अधिकच एकटे पाडतात. उत्तरासाठी थांबावे लागते, मौनाला न घाबरता शेजारी बसावे लागते. एकदम मोठे काही करायला न सांगता अंघोळ, उन्हात बसणे, दारातल्या तुळशीला पाणी एवढ्यापासून दिवस पुन्हा बांधावा लागतो. वजन उतरते आहे का, पाणी पोटात जाते आहे का, हे पाहावे लागते. औषध सुरू झाल्यावर गुण यायला काही आठवडे लागतात, त्या काळात 'गोळ्यांनी काय फरक नाही' म्हणून त्या बंद होतात. हे आधीच समजावून सांगणे हे परिचारिकेचे काम. याच गोळ्यांनी वृद्धाला चक्कर येऊ शकते, रक्तातले सोडियम उतरू शकते, तो पडू शकतो, याकडे लक्ष ठेवणेही तिचेच. आणि 'देवानं न्यावं' असे कोणी म्हणाले की विषय न बदलता, जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारले पाहिजे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. असा विचार असेल तर माणसाला एकटे न सोडता डॉक्टरांपर्यंत नेले पाहिजे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही मोफत सेवाही आहे. 'संध्याछाया'च्या रंगमंचावर जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो हाच.

अशा ऐकण्याने फरक पडतो याला जवळचाच पुरावा आहे. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ वर्षांवरील १८१ व्यक्तींचा अभ्यास केला. त्यांच्यात नैराश्याची सौम्य लक्षणे होती, पूर्ण आजार नव्हता. निम्म्या व्यक्तींकडे मनोविकाराचे औपचारिक शिक्षण नसलेले, पण प्रशिक्षित केलेले स्थानिक समुपदेशक जात. आजच्या अडचणींतून वाट काढणे, झोपेची घडी बसविणे, मधुमेहासारख्या आजाराची काळजी घेणे आणि शासकीय योजनांचा लाभ मिळविणे यांत ते मदत करीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात या गटातील ४.४ टक्के व्यक्तींना तीव्र नैराश्य आले, तर नेहमीची आरोग्यसेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण १४.४ टक्के होते. संख्या लहान आहे, त्यामुळे त्यावर मोठे इमले बांधू नयेत. तरी साहित्याच्या अभ्यासकाला या अभ्यासात एक गोष्ट लक्षणीय वाटावी. पेन्शनचा अर्ज भरून देणे आणि झोपेची वेळ ठरविणे या दोन्ही गोष्टी तिथे एकाच कामाचा भाग मानल्या आहेत. मुलगा कुठे आहे, तो का येत नाही, याचा निवाडा त्यात कोठेच नाही.

समुपदेशकाचे हे काम चन्नम्माच्या कामाशी जुळते. फरक असा की त्याला प्रशिक्षण आहे, वरचा सल्लागार आहे आणि त्याच्या श्रमाची नोंद आहे. कडेगाव तालुक्यातील आशाताईकडे नोंदींची वही आहे, परंतु वृद्धाच्या मनासाठी खर्च झालेल्या अर्ध्या तासाला तिच्या कामाच्या मोबदल्यात स्थान नाही. ती थांबते ते स्वतःच्या भलेपणाने. राजा आणि चंदू यांना मराठी नाटकाने ज्या जागी उभे केले, त्याच जागी व्यवस्थेने तिला उभे केले आहे. तिला पुढची आठ घरे घ्यायची असतात, आणि म्हातारी 'बरं हाय' म्हणून झाल्यावर जरा वेळाने, दाराशी उठून येत, खरे काय ते सांगायला लागते.